इंजिन बसल्यानंतर

प्रवरेच्या दोन्ही काठांवर डिझेल इंजिनांचा ठोका जेव्हा मोटेच्या कुरकुरीची जागा घेऊन नुकता स्थिरावला होता, त्या काळात मी अकोल्यात इंजिन-दुरुस्तीच्या धंद्यात पडलो. पुढे शिवारात वीज आली, विहिरींत पाणबुडी मोटारी उतरल्या, डिझेलची इंजिने एकामागून एक भंगारात निघाली, आणि धंदा सोडणे किंवा यंत्रांची जात बदलणे असे दोनच मार्ग माझ्यापुढे उरले. मी दुसरा पत्करला तो काही दूरदृष्टीने नव्हे. शेंडीकडून, म्हणजे भंडारदऱ्याच्या जलाशयावरून, एका होडीवाल्याचे मागे लटकवायचे पेट्रोल इंजिन माझ्याकडे आले, ते माझ्या हातून चालू झाले, आणि ‘अकोल्याचा मिस्तरी बोटीची इंजिनं करतो’ एवढे वाक्य त्या पाण्याभोवतीच्या गावांतून फिरण्यास पुरेसे ठरले. त्या इंजिनात दोष तरी काय होता? खालच्या पंपातील रबरी चक्र सुकून त्याची पाती मोडली होती, त्यामुळे थंडाव्याचे पाणी वर चढत नव्हते, आणि तापून बंद पडणाऱ्या त्या यंत्राला मालकाने मनातल्या मनात मूठमाती दिली होती. तळहातावर मावेल एवढ्या रबराच्या तुकड्याने ते पुन्हा अनेक हंगाम चालले.

त्यानंतरच्या वर्षांत ‘काय बिघडलं?’ हा प्रश्न मला क्वचित ऐकू आला, ‘किती लागतील?’ हा मात्र हटकून. इंजिन बसले, म्हणजे पिस्टन सिलिंडरात चिकटला, की मालक ते ट्रॉलीत घालून आणतो, ट्रॉलीचा फाळका खाली पडण्यापूर्वीच खर्चाचा आकडा मागतो, आणि तो आकडा पेलण्याजोगा असेल तर दुरुस्ती, नसेल तर भंगार, असा निकाल त्याने वाटेतच तयार ठेवलेला असतो. हा क्रम उफराटा आहे. खर्चाचा अंदाज हा निर्णयाचा शेवटचा, आणि बहुधा सर्वांत सोपा भाग होय. कारण सुट्या भागांची किंमत दुकानदार सांगतो, लेथवाल्याची मजुरी लेथवाला सांगतो, परंतु हे यंत्र कशाने मेले, त्यात जिवंत असे काय उरले आहे, आणि उठून उभे राहिल्यावर त्याला चालण्यासाठी पाणी तरी शिल्लक असेल काय, या गोष्टी सांगणारे दुकान कोठेही नाही. जलाशयावर येणाऱ्या सर्व यंत्रांत हा विवेक मला सर्वांत अधिक शिकवला तो वॉटर स्कूटरने.

हे वाहन आमच्या डोंगरात उशिरा आले. कॅनडातील बॉम्बार्डिए कंपनीने १९६८ साली ‘सी-डू’ या नावाने ते बाजारात आणून पाहिले. कावासाकीने १९७३ च्या सुमारास ‘जेट स्की’ काढली आणि ते नाव पुढे साऱ्या जातीलाच चिकटले. यामाहाची ‘वेव्हरनर’ त्या पुढच्या दशकाच्या उत्तरार्धात निघाली. गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यांवरून सह्याद्री चढून कळसूबाईच्या पायथ्याच्या पाण्यापर्यंत पोचण्यास वॉटर स्कूटरला आणखी बरीच वर्षे लागली, आणि माझ्या हाताखाली आली ती बहुतेक किनाऱ्यावर काही हंगाम राबून उतरलेलीच. हिला बाहेर पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, इंजिनच्या दांड्यावरचा इम्पेलर ते बोगद्यातून मागे रेटतो, आणि मागच्या तोटीतून सुटणाऱ्या झोताच्या नेटाने वाहन पुढे सरते. तोटी वळेल तिकडे वाहन वळते. त्यामुळे समोर खडक दिसताच घाबरून थ्रॉटल सोडून देणाऱ्या नवख्याचे सुकाणूही त्याच क्षणी नाहीसे होते, ही गोष्ट ही वाहने भाड्याने देणाऱ्यांनी गिऱ्हाइकास बसवण्यापूर्वी सांगावी, आणि ती सांगितली जात नाही. ते असो. त्याच पाण्याचा एक फाटा इंजिन थंड करण्यासाठी आत वळवलेला असतो, म्हणजे ज्या पाण्यावर हे वाहन धावते तेच ते पिते. आणि पाण्यात गाळ, वाळू, शेवाळ, मीठ जे असेल ते सर्व त्याच्या पोटात जाते.

जलाशयाच्या काठी तंबू टाकून पर्यटकांची सोय करणाऱ्या एका तरुणाने असे एक वाहन किनाऱ्यावरून विकत आणले होते. दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक, ७०१ घनसेंटीमीटरचे ते यंत्र, ८१ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन आणि ६८ मिलिमीटरचा फेरा. बांधणीने साधे, ज्याने कधी आरएक्स-१०० मोटारसायकल उघडली आहे त्याला ओळखीचे वाटेल असे. पहिल्या महिन्यात ते धावले, दुसऱ्या महिन्यात भर पाण्यात एकाएकी थांबले आणि फिरेनासे झाले. ‘मिस्तरी, इंजिन बसलं, फुल करायचं का हाफ, ते सांगा,’ असे म्हणत तो आला. ‘हाफ’ म्हणजे पिस्टन, रिंगा आणि बोअरिंग. ‘फुल’ म्हणजे त्याबरोबर क्रँकही. रोगाचे नाव ठरण्यापूर्वीच औषधाची मात्रा विचारण्याचा हा प्रकार असला तरी त्यात त्याचा दोष नव्हता, कारण आमच्या धंद्याने गिऱ्हाइकांना विचारण्याची हीच रीत शिकवून ठेवली आहे.

मी हेड उतरवले तेव्हा एक सिलिंडर स्वच्छ होता आणि दुसऱ्याच्या भिंतीवर, एक्झॉस्टच्या बाजूला, वितळलेल्या ॲल्युमिनियमचा एक पट्टा वरपासून खालपर्यंत ओढलेला होता. ही विसंगती या प्रकरणातील पहिली जबानी. दोन्ही सिलिंडर एकाच वेळी गेले असते तर कारण दोघांना समाईक असे काही, म्हणजे थंडाव्याचे पाणी, तेलाचा पंप किंवा टाकीतले पेट्रोल, असले पाहिजे. एकच गेला असेल तर कारण त्या एकाचे स्वतःचे असते. म्हणून मी त्याच्या कार्बोरेटरकडे वळलो. या यंत्रात प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कार्बोरेटर असून पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे बारीक स्क्रू असतात. ते काढण्यापूर्वी पूर्ण बंद करीत किती फेरे बसतात हे मोजले तर कोणी कितपत हात लावला ते समजते. चांगल्या सिलिंडराचा स्क्रू सव्वा फेरा उघडा होता, बसलेल्याचा जेमतेम अर्धा. विचारता विचारता उलगडा झाला. वाहन समुद्रकाठी चालत होते तोवर ठीक. शेंडीचे पाणी मात्र समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास, तेथे हवा शेकडा सात-आठ विरळ, त्यामुळे तेवढीच ताकद कमी पडते आणि पेट्रोलचे प्रमाण हवेच्या मानाने थोडे जास्त होते. इंजिन जड चालते, प्लग काळे पडतात, पण त्याने जीव जात नाही. ‘पिकअप कमी झालाय’ म्हणून कोणा जाणत्याने ते स्क्रू आवळले, त्यातला एक जास्त आवळला गेला, पेट्रोल आटले, पेट्रोलबरोबर येणारे तेलही आटले, आणि पिस्टन फुगून भिंतीला धरून बसला. घाट चढल्याची किंमत त्या यंत्राने अशी मोजली होती.

येथवर बातमी चांगलीच होती. कारण सापडले होते, ते स्क्रूच्या फेऱ्याने दूर होण्यासारखे होते, आणि बसलेला सिलिंडरही गेलेला नव्हता. कारण त्याची भिंत बिडाची असल्याने तिच्यावर चिकटलेले ॲल्युमिनियम पातळ मिठाच्या तेजाबाने, बिडाला फार न जाळता, विरघळवून काढता येते, आणि मग बोअर गेजने व्यास मोजला की तो गोल राहिला आहे की अंडाकार झाला आहे हे हातात येते. पाव मिलिमीटर वाढवून मोठ्या मापाचा पिस्टन बसवता आला असता. मी मालकाला तसे सांगितलेही असते. परंतु मालकाला काही सांगण्यापूर्वी क्रँक हाताने फिरवून पाहण्याची सवय मला डिझेलच्या दिवसांपासून आहे. कनेक्टिंग रॉड चिमटीत धरून वर-खाली ओढला, ढिला नव्हता. बाजूला हलवला, हवा तेवढाच हलला. मग क्रँक सावकाश फिरवला, आणि एका विवक्षित जागी बोटांना बारीक करकर जाणवली. केस उघडली तेव्हा तळाच्या बेअरिंगांत तांबूस गंज होता आणि एका बेअरिंगच्या वाटीवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडलेले होते. किनाऱ्यावरच्या एखाद्या पावसाळ्यात केव्हातरी खारे पाणी तळाशी साचून राहिले असावे. पिस्टन बसला नसता तरी हे इंजिन पुढच्या वर्षी, कदाचित त्याच हंगामात, खालून गेलेच असते.

टू-स्ट्रोक यंत्राचा क्रँक अखंड नसतो. तो तुकड्यांचा, दाबयंत्राखाली एकात एक बसवलेला असतो. येझदीचे आणि आरएक्स-१०० चे क्रँक उघडून नवे रॉड घालणारे निष्णात कारागीर नाशकात आणि पुण्यात आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे; पण दोन सिलिंडरांच्या या क्रँकची बेअरिंगे आणि मधली सीले परदेशातून मागवायची, ती येईपर्यंत थांबायचे, मग शंभरांश मिलिमीटरपर्यंत तो सरळ करून घ्यायचा, आणि त्यानंतर पिस्टन-बोअरिंगचा खर्च वेगळा. मी कागदावर बेरीज मांडली. ती त्याच्या खरेदीच्या किमतीच्या निम्म्यापलीकडे गेली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तसली ती तजवीज होती.

त्याने मला जे उत्तर दिले ते मी या धंद्यात निरनिराळ्या तोंडांनी ऐकत आलो आहे. ‘मिस्तरी, एवढे पैसे घालून बसलोय, आता सोडून कसं द्यायचं?’ माणसाचे मन येथे एक विलक्षण हिशेब करते. घातलेला पैसा आता परत येण्यासारखा नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. तरीही माणूस तोच पैसा दुरुस्तीच्या बाजूने साक्षीला उभा करतो, जणू काही जुने कर्ज फेडण्याचा उत्तम उपाय म्हणजे त्याच खात्यावर नवे कर्ज काढणे. जुन्या काळचा सावकार या बाबतीत अधिक व्यवहारी होता. बुडीत रक्कम तो बुडीत खात्यात टाकी आणि पुढचा व्यवहार त्या रकमेकडे न बघता करी. मी त्या तरुणाला एवढेच विचारले, की हे वाहन तुझे नसते आणि आज असेच बिघडलेले कोणी तुला विकायला आणले असते, तर दुरुस्तीच्या खर्चासकट ते तू घेतले असतेस काय? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘घेतलं नसतं.’ पंप, तोटी, स्टार्टर आणि सांगाडा अशा तुकड्यांनी त्याने ते वाहन विकले, आणि आलेल्या रकमेत भर घालून एका साध्या होडीवर मागे लटकवायचे जुने इंजिन घेतले.

बिघाड कशाने झाला आणि वरून काय दिसतो, म्हणजे कारण आणि परिणाम, यांतील भेद मला कोणा ग्रंथाने नव्हे, आमच्या धरणानेच आधी शिकवला होता. भंडारदऱ्याच्या या विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. सुमारे २७० फूट उंचीची ती दगडी भिंत. १९६९ च्या पावसाळ्यात, जलाशय भरलेला असता, तिला तडे गेले आणि पाणी झिरपू लागले, तेव्हा खालच्या गावांतून ‘धरण फुटतंय’ अशी आवई उठली आणि माणसे रात्री उंचवट्यावर जाऊन बसली, असे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे. भेगा सिमेंटने बुजवून मोकळे होणे अभियंत्यांना अशक्य नव्हते. पण भेग हा रोग नव्हता. ज्या काळात हे धरण आखले गेले त्या काळच्या गणितात, भिंतीत आणि पायात झिरपून तिला वर उचलू पाहणाऱ्या पाण्याच्या दाबाची पुरेशी दखल घेतली जात नसे. भेग हा त्या न मोजलेल्या दाबाचा परिणाम होता. म्हणून पाण्याची पातळी उतरवण्यात आली, पोलादी तारांच्या ताणलेल्या दोरखंडांनी भिंत खाली धरून ठेवण्यात आली, आणि पुढे खालच्या अंगाने टेकूभिंती बांधण्यात आल्या. दुरुस्तीचा खर्च आणि नव्या धरणाचा खर्च यांची तुलना तेथेही झालीच असेल. पण दुरुस्तीचा निर्णय टिकला तो भेगेमागचे कारण बांधकामात उतरल्यामुळे. आज शेंडीहून भिंतीकडे पाहताना पर्यटकांना ते टेकू शोभेचे वाटतात.

आता पाण्याविषयी. इतर ठिकाणच्या कारागिराला जो प्रश्न कधी पडत नाही तो आमच्याकडे पहिल्या क्रमांकाने उभा राहतो, कारण आमचे पाणी वर्षभर एका पातळीवर नसते. भंडारदऱ्याची साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो आणि त्याच तालुक्याच्या पूर्वेला अकोल्याकडे तो जेमतेम विसेक इंचांवर येतो. स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे धरण भरते की नाही यावर चहाच्या टपऱ्यांवर पैजा लागतात. भरलेला जलाशय पाहून बाहेरचा माणूस येथे बोटीचा धंदा करण्याचे स्वप्न पाहतो. परंतु हे पाणी बोटींसाठी अडवलेले नाही. ते निळवंड्यावरून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत आणि तेथून प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शिवारांत जायचे असते. रब्बीचे आवर्तन सुटते, मग उन्हाळ्याचे सुटते. राज्याच्या २००५ च्या पाण्याविषयीच्या कायद्यानंतर समन्यायी वाटपाच्या नियमाने तुटीच्या वर्षी खाली जायकवाडी धरणासाठीही वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. आणि प्रत्येक हुकुमागणिक काठ आत सरकतो. चैत्रात जेथे होडी बांधली तेथे वैशाखात चिखल असतो, बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात, आणि मे-जूनच्या संधीवर काजवे पाहायला गर्दी लोटते तेव्हा पाणी सर्वांत खाली गेलेले असते. मागे लटकवलेल्या इंजिनाच्या होडीला हे फारसे बाधत नाही, तिचे पाते वर उचलता येते. वॉटर स्कूटरची जाळी मात्र पोटाखाली. उथळ पाण्यात ती गाळ ओढते, इम्पेलर आणि त्याच्या भोवतालची कडी यांच्यातली मिलिमीटरच्या अंशातली फट वाळूने रुंदावते, मग इंजिन गर्जते आणि वाहन हलत नाही.

म्हणून हल्ली यंत्र उघडण्यापूर्वी मी पंचांग उघडतो असे माझे शेजारी चेष्टेने म्हणतात, आणि ती चेष्टा अगदीच निराधार नाही. कार्तिकात आलेल्या बिघाडाचा आणि फाल्गुनात आलेल्या त्याच बिघाडाचा निकाल एक असू शकत नाही. पहिल्याला समोर चार-पाच महिन्यांचे पाणी असते. दुसऱ्याला मिळणारा दुरुस्तीचा पैसा आषाढापर्यंत शेडमध्ये उभा राहणार, आणि उभ्या राहिलेल्या यंत्राला जे रोग होतात ते चालत्या यंत्राला होत नाहीत.

त्यांतला मुख्य रोग पेट्रोलचा. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. आमच्या पावसात महिनोन्‌महिने अर्धी भरलेली टाकी ठेवली की तळाशी पाण्याचा आणि इथेनॉलचा वेगळा थर बसतो, कार्बोरेटरच्या पितळेवर हिरवट खार चढतो, बारीक छिद्रे बुजतात, आणि पुढच्या हंगामातल्या पहिल्याच फेरीत पुन्हा तोच पेट्रोलचा दुष्काळ, तोच पट्टा. या गोष्टीत मला एक गमतीचे चक्र दिसते. भंडारदऱ्याच्या पाण्याने खालच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. त्या उसावर लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग जिल्हाभर कारखाने झाले. त्या धंद्यातून आता इथेनॉल निघते, ते पेट्रोलात जाते, आणि ते पेट्रोल घाट चढून त्याच पाण्यावरच्या वाहनांची छिद्रे बुजवते. याला उपाय अगदी साधा आहे. हंगाम संपताच टाकी कोरडी करावी आणि कार्बोरेटर आटेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. टू-स्ट्रोकचे तेल पेट्रोलात मिसळून येत असेल तर सिलिंडरांत थोडे तेलही फवारावे. मी हा उपाय फुकट सांगतो, आणि फुकट सांगितलेला सल्ला कोणी पाळत नाही हाही अनुभव आहे.

वाचलेले इंजिनही सांगितले पाहिजे. एका संध्याकाळी वाऱ्याने लाटा उठल्या असता एक फोर-स्ट्रोक वॉटर स्कूटर पाण्यात उलटली. अशी उलटलेली गाडी सरळ करताना ती ठराविक दिशेनेच फिरवावी लागते, मागच्या बाजूला तसे चित्रही चिकटवलेले असते. उलट दिशेने फिरवली तर एक्झॉस्टमधले पाणी सिलिंडरांत उतरते. गडबडीत ती फिरवली गेली उलटी. सरळ झाल्यावर त्या पोरांनी स्टार्टर मारून पाहिला. नुसती ठक् झाली, इंजिन फिरले नाही. येथे त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. पुन्हा स्टार्टर मारला नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पाण्याने भरलेल्या सिलिंडरावर स्टार्टरने जोर केला की रॉड वाकतो, आणि ज्या इंजिनला काही झालेले नव्हते त्याचे फुल काम निघते. त्यांनी मला फोन केला आणि मी त्याच रात्री मोटारसायकलवरून राजूरच्या रस्त्याने वर गेलो. प्लग काढले, मग स्टार्टर मारला, तेव्हा भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या छपरापर्यंत उडाल्या. तेलाचा रंग दुधी झाला होता. ते तेल टाकले, नवे घातले, इंजिन थोडा वेळ तापवले, ते तेलही टाकले. पहाटेपर्यंत ही उस्तवारी चालली आणि तेल स्वच्छ निघू लागले. एकही भाग बदलावा लागला नाही. हेच वाहन चार दिवसांनी ट्रॉलीतून माझ्याकडे आले असते तर आतली बेअरिंगे गंजलेली निघाली असती, आणि किनाऱ्यावरच्या त्या वाहनासारखाच निकाल द्यावा लागला असता. गोड्या पाण्याने थोडी अधिक मुदत मिळते, खाऱ्याने नाही. पण मुदत ही दोन्हीकडे असतेच, आणि ती ट्रॉली मिळण्याची वाट पाहत नाही.

या साऱ्यात कारागिराचा स्वार्थ कोठे बसतो, हेही उघड केलेले बरे. दुरुस्तीला ‘हो’ म्हटले की मला मजुरी मिळते. ‘नको’ म्हटले की खोलण्याची तुटपुंजी मजुरीही मालक काचकूच करीत देतो, किंवा देत नाही. त्यामुळे या धंद्यातील माणसाचा कल नकळत ‘हो’कडे झुकतो आणि तो स्वतःशी म्हणतो, की मालकाचीच इच्छा आहे तर आपण का अडवावे. मी यावर एक तोडगा काढला. खोलून निदान करण्याची मजुरी वेगळी ठरवून ती आधी घेऊ लागलो, मग निकाल काहीही लागो. काही गिऱ्हाइके तुटली. ‘बघायचे पैसे घेणारा डॉक्टर’ असे नाव पडले. परंतु त्यानंतर ‘नको’ म्हणताना माझी जीभ अडखळेनाशी झाली, आणि थोड्याच काळात लोक हाच निकाल ऐकण्यासाठी लांबून येऊ लागले.

निदान लिहून देताना मी कागदावर तीन गोष्टी वेगळ्या लिहितो: कशाने गेले, काय शिल्लक आहे, आणि चालवायला किती पाणी उरले आहे. खर्चाचा आकडा त्याखाली. मालकाची नजर अर्थात थेट तळाशी जाते. मागील हंगामात एका गृहस्थांचे वाहन थंडावा बंद होऊन तापले होते. आतल्या वाटेत प्लास्टिकच्या पिशवीचा वितळून घट्ट झालेला गोळा होता, आणि जाळीवर नायलॉनच्या मासेमारीच्या जाळ्याचे तंतू गुंडाळलेले होते. दोन्ही सिलिंडरांना धग लागली असली तरी क्रँक निर्मळ होता, हंगामही नुकता सुरू झालेला. म्हणून मी दुरुस्तीच्या बाजूने लिहिले, मात्र थंडाव्याच्या सर्व नळ्या उतरवून आतून साफ केल्याशिवाय इंजिनला हात लावू नये अशी अट घातली. नळ्यांची मजुरी त्यांना अकारण वाटली. ते रागावून वाहन नाशकाला घेऊन गेले, आणि तेथे दोन्ही पिस्टन बदलून गाडी चालू करून देण्यात आली. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. पुन्हा बसलंय, म्हणाले, आणि आता पुरी फुल करायची तर अंदाजे किती लागतील? मी विचारले, त्या नळ्या उतरवल्या होत्या का?